सात कॉलन्यांपैकी दोन: इट्राकोनॅझोलला दाद न देणाऱ्या अ‍ॅस्परजिलसचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशी ओलांडलेले शेतकरी. सहा वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला, त्यांनी कोर्स पूर्ण केला, टीबी बरा झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातली पोकळी मात्र तशीच राहिली. गेल्या वर्षभरात खोकला वाढला, वजन सात किलोने उतरले आणि अधूनमधून बेडक्यातून रक्त पडू लागले. तालुक्याच्या ठिकाणी ‘टीबी उलटला’ असे धरून पुन्हा दोन महिने टीबीची औषधे दिली गेली. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय) तपासणी दोनदा निगेटिव्ह आली होती, तरीही. आपल्याकडे हे इतके नेहमीचे आहे की छातीच्या डॉक्टरांना त्याचे नवल उरलेले नाही.

शहरातल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला तेव्हा पोकळीची भिंत जाड झालेली आणि आत बुरशीचा गोळा दिसला. रक्तात अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे वाढलेली होती. निदान ठरले: क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस (सीपीए), म्हणजे या बुरशीचा फुफ्फुसातला जुनाट संसर्ग. श्वसनक्षमता इतकी कमी होती की तो भाग शस्त्रक्रियेने काढणे शक्य नव्हते. टीबीची औषधे बंद केली, रिफाम्पिसिनचा प्रभाव ओसरायला दोन आठवडे दिले आणि मग इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. (रिफाम्पिसिनमुळे यकृतातली एन्झाइम्स इतकी वाढतात की सोबत घेतलेले इट्राकोनॅझोल रक्तात जवळजवळ टिकतच नाही.) मुदत बारा महिने ठरली. चंडीगडच्या पीजीआयची २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे उपयोगी पडते: सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांत दोन वर्षांत आजार उलटला, बारा महिने घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांत.

उपचार सुरू करताना बुरशीची औषध-संवेदनशीलता तपासली गेली नाही. पूर्वी अझोल (इट्राकोनॅझोल ज्या गटातले आहे ती औषधे) कधीच न घेतलेल्या रुग्णात ती तपासायची की नाही यावर दोन मते असू शकतात, त्यामुळे तो मुद्दा इथे ताणत नाही.

चार महिन्यांनंतर: पहिला अहवाल

चार महिने झाले तरी खोकला आणि रक्त तसेच. थुंकीच्या कल्चरमध्ये अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस वाढला. सॅबुरो अगारच्या (बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या) प्लेटवर सहा-सात कॉलन्या होत्या. तंत्रज्ञाने त्यातली सर्वांत भरलेली, करड्या-हिरव्या बीजाणूंची एक कॉलनी उचलली, पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारच्या स्लँटवर (नळीत तिरके गोठवलेल्या माध्यमावर) लावली आणि सात दिवसांनी सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या एम३८ पद्धतीने मायक्रोब्रॉथ चाचणी केली, म्हणजे द्रव माध्यमात औषधाच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या मात्रांत बुरशी कुठे थांबते ते पाहिले. बुरशीची दिसेल अशी वाढ पूर्ण थांबवणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. ती अशी आली (इथे आणि पुढेही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये): इट्राकोनॅझोल ०.५, व्होरिकोनॅझोल ०.५, पोसाकोनॅझोल ०.१२, अ‍ॅम्फोटेरिसिन बी १.

अहवालावर चारही औषधांपुढे ‘एस’ छापले गेले. म्हणजे संवेदनशील.

त्याच आठवड्यात इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी आली: ०.२. उपचारासाठी ती किमान ०.५, शक्यतो १ च्या पुढे हवी. विचारपूस केल्यावर कारणही सापडले. रुग्ण कॅप्सूल सकाळी अनशापोटी घेत होते, आणि सोबत आम्लपित्ताची गोळी. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागते. जेवणानंतर घेतली तर शोषण चांगले होते आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळीने ते कोसळते. गोळी बंद केली, कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांनी पातळी १.१ झाली.

बुरशी संवेदनशील, औषध कमी पडत होते, आता पुरेसे झाले. गोष्ट इतकी चोख जुळली की आणखी काही असेल असे कोणाच्या मनात आले नाही.

अडचण

आणखी आठ आठवडे गेले. पातळी पुन्हा पाहिली, १.३ होती. खोकला तसाच, वजन आणखी एक किलो कमी, आणि एकदा अर्धी वाटी रक्त पडले म्हणून दाखल करावे लागले. सीटीमध्ये पोकळीची भिंत पूर्वीपेक्षा जाड. नवीन थुंकीच्या कल्चरमध्ये पुन्हा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस, प्लेटवर सात कॉलन्या.

छातीच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेला थेट विचारले: “तुमचा एस खरा आहे का?”

प्रश्न रास्त होता आणि उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागणार होते. पहिली पातळी शब्दांची. सीएलएसआयने अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटससाठी क्लिनिकल ब्रेकपॉइंट (औषध लागू पडेल का हे ठरवणारी एमआयसीची सीमा) या चार औषधांपैकी दिला आहे तो फक्त व्होरिकोनॅझोलचा: ०.५ किंवा कमी म्हणजे संवेदनशील, १ म्हणजे मधला, २ किंवा जास्त म्हणजे प्रतिकारक. इट्राकोनॅझोलसाठी तिथे आहे ती फक्त इसीव्ही, म्हणजे नैसर्गिक, बदल न झालेल्या बुरशीच्या एमआयसीची वरची सीमा, ती १. एमआयसी इसीव्हीच्या आत असेल तर ‘या बुरशीने प्रतिकार मिळवल्याचे चिन्ह नाही’ एवढेच म्हणता येते. ‘औषध लागू पडेल’ असे त्यातून निघत नाही. युरोपीय युकास्ट समिती इट्राकोनॅझोलचा ब्रेकपॉइंट देते, पण तो तिच्या पद्धतीसाठी: माध्यमात २ टक्के ग्लुकोज, बीजाणू जास्त, सपाट तळाची प्लेट. एका पद्धतीने मोजायचे आणि दुसऱ्या पद्धतीच्या फूटपट्टीने वाचायचे, हे चालत नाही. तरीही अनेक अहवालांत ते होते, कारण संगणकातल्या नमुन्यात ‘एस’ आणि ‘आर’ (प्रतिकारक) याशिवाय रकानाच नसतो.

दुसरी पातळी जास्त महत्त्वाची होती. तो ‘एस’ कोणाचा होता? एका कॉलनीचा.

सीपीएमधली पोकळी म्हणजे बुरशीची वर्षानुवर्षांची वस्ती. तिथे अब्जावधी बीजाणू तयार होतात, आणि औषधाची मात्रा अर्धवट राहिली तर त्यातल्या प्रतिकारक बीजाणूंना मोकळे रान मिळते. थुंकीच्या एकाच नमुन्यात संवेदनशील आणि प्रतिकारक अशा दोन्ही बुरशा शेजारी-शेजारी असू शकतात. अगारवर त्या सारख्याच दिसतात. म्हणूनच युरोपीय मार्गदर्शक सूचना एकाऐवजी पाचपर्यंत कॉलन्या तपासायला सांगतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: पुन्हा एक कॉलनी उचलून तीच चाचणी. सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी.

दुसरा: चाचणीची वाट न पाहता व्होरिकोनॅझोलवर जाणे. डॉक्टरांचा कल इकडे होता. अडचण अशी की काही प्रकारचे प्रतिकार एकाच वेळी सगळ्या अझोलना निकामी करतात. टीआर३४ अधिक एल९८एच हा बुरशीच्या जनुकातला जोडबदल त्यातला सर्वांत गाजलेला. दिल्लीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये भारतीय रुग्णांत आणि पर्यावरणात तो नोंदवला. त्याचा संबंध शेतीतल्या ट्रायअझोल बुरशीनाशकांशी जोडला जातो, आणि टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही नावे भुरीसाठी द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या कुणाही बागायतदाराला पाठ असतात. रुग्ण शेतकरी. तो प्रकार असेल तर व्होरिकोनॅझोलवर घालवलेले दोन महिने पाण्यात, आणि उरतात ती शिरेतून द्यायची औषधे.

तिसरा: बुरशी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवणे. करायचेच होते, पण उत्तर यायला महिना लागणार होता.

चौथा, जो निवडला: सातही कॉलन्या आधी औषध घातलेल्या अगारवर चाळायच्या, ज्या वाढतील त्यांची आणि न वाढणाऱ्यांचीही मायक्रोब्रॉथ करायची, आणि दरम्यान जनुकीय तपासणीसाठी त्याच कॉलन्या बाहेर पाठवायच्या. चाळणीचे उत्तर दोन दिवसांत मिळते, हे निर्णायक ठरले.

अगारची चाळणी

चार कप्प्यांची प्लेट. आरपीएमआय अगारमध्ये २ टक्के ग्लुकोज. एका कप्प्यात इट्राकोनॅझोल ४, दुसऱ्यात व्होरिकोनॅझोल २, तिसऱ्यात पोसाकोनॅझोल ०.५, चौथा औषधाविना. तयार प्लेट विकत मिळते. इथे घरीच ओतली होती. घरी ओतताना औषध डीएमएसओ या द्रावकातून घालायचे आणि अगार हाताला सोसवेल इतका निवल्यावरच घालायचे. प्रत्येक खेपेसोबत एक ओळखीचा संवेदनशील आणि एक ओळखीचा प्रतिकारक स्ट्रेन लावल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

सात कॉलन्यांची सात निलंबने ०.५ मॅकफरलँड (गढूळपणाचे ठरलेले माप) इतक्या गढूळपणाची केली आणि प्रत्येकाचा २५ मायक्रोलिटरचा थेंब चारही कप्प्यांत सोडला. ३५ अंशांवर ४८ तास.

पाच कॉलन्यांच्या प्लेटवर चौथ्या कप्प्यात हिरवी गादी आणि बाकी तीन कप्पे कोरे. दोन कॉलन्यांच्या प्लेटवर मात्र इट्राकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल या दोन्ही कप्प्यांत वाढ होती, इट्राकोनॅझोलमध्ये तर औषध नसलेल्या कप्प्याइतकीच दाट. व्होरिकोनॅझोलचा कप्पा दोघांचाही स्वच्छ. नियंत्रण स्ट्रेन अपेक्षेप्रमाणे वागले होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन गेला: प्राथमिक निकाल, सातपैकी दोन कॉलन्या इट्राकोनॅझोलला दाद देत नाहीत, व्होरिकोनॅझोलच्या कप्प्यात एकही वाढलेली नाही; एमआयसी अजून यायची आहे. तोंडी निकालाची नोंद वेळेसह रजिस्टरमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी इट्राकोनॅझोल बंद करून व्होरिकोनॅझोल सुरू झाले.

मायक्रोब्रॉथ: पहिली फेरी का फेकली

दोन प्रतिकारक कॉलन्या, पाच संवेदनशील, आणि गुणवत्ता नियंत्रणासाठी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस एटीसीसी २०४३०४. माध्यम आरपीएमआय १६४०, बायकार्बोनेटविना, मॉप्स बफरने पीएच ७.० वर आणलेले.

बीजाणू काढायची रीत सांगण्यासारखी आहे, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. स्लँटवर ट्वीन २० चा एक थेंब आणि १ मिली सलाइन घालायचे, हलक्या हाताने पृष्ठभाग घासायचा. ट्वीन नसेल तर फ्युमिगाटसचे बीजाणू पाण्यावर भुकटीसारखे तरंगतात आणि कॅबिनेटच्या बाहेर पडायला त्यांना निमित्त लागत नाही. द्रव नळीत घेऊन तीन ते पाच मिनिटे स्थिर ठेवायचा; कवकजालाचे तुकडे खाली बसतात. वरचा द्रव दुसऱ्या नळीत घेऊन १५ सेकंद व्हॉर्टेक्स करायचा आणि ५३० नॅनोमीटरवर त्याची घनता ०.०९ ते ०.१३ मध्ये आणायची. हा आकडा अ‍ॅस्परजिलसचा. फ्युजेरियमचे बीजाणू मोठे, त्यांना ०.१५ ते ०.१७ लागते. मग माध्यमात १:५० पातळ. वेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्लेटवरच्या छोट्या खळग्यात, औषधाबरोबर निम्मे झाल्यावर शेवटी मिलीलिटरला ०.४ ते ५ गुणिले १०चा चौथा घात इतके बीजाणू राहायला हवेत. घनतामापक जिवंत बीजाणू, मेलेला बीजाणू आणि जालाचा तुकडा यांत फरक करत नाही, म्हणून मोजणी प्लेटवर करायचीच: घनता जुळवलेले निलंबन १:१०० पातळ करून त्याचे १० मायक्रोलिटर सॅबुरोवर पसरले तर ४० ते ५०० कॉलन्या यायला हव्यात. मोजायचे ते कॉलन्या दिसू लागताच. एक दिवस उशीर केला की फ्युमिगाटसची सगळी प्लेट एक होते.

प्लेट ३५ अंशांवर ४८ तास, ओल्या गॉजच्या डब्यात, नाहीतर कडेच्या वेल सुकतात. वाचन खाली आरसा ठेवून. यू-तळाच्या वेलमध्ये वाढ झाली तर तळाशी कापसाच्या बोळ्यासारखी दिसते, आणि अझोलच्या वाचनात शंभर टक्के स्वच्छ वेलच हिशेबात धरायची. एखादा धागा तरंगत असेल तरी ती वाढच.

दोन कॉलन्यांचा इट्राकोनॅझोल एमआयसी १६ च्या वर आला. सगळ्यांना हवा होता तोच निकाल. अगारशी जुळणारा, डॉक्टरांच्या शंकेला पुष्टी देणारा.

पण नियंत्रण स्ट्रेन इट्राकोनॅझोलमध्ये १ वर गेला होता. त्याची मान्य मर्यादा ०.२५ ते ०.५. आणि पाच ‘संवेदनशील’ कॉलन्या १ ते २ च्या दरम्यान पसरल्या होत्या. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल आणि अ‍ॅम्फोटेरिसिन मर्यादेत होते.

इथे या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय होता. नियंत्रण एकाच पायरीने (म्हणजे दुपटीने) चुकलेले, प्रतिकारक कॉलन्या मात्र पाच-सहा पायऱ्या वर. एका पायरीच्या चुकीने काही ‘१६ च्या वर’चे ‘०.५’ होणार नव्हते. रुग्ण वाट पाहतोय, निकाल उघड आहे, पाठवून द्या, असे म्हणणारे होते. त्यांचे गणित बरोबर होते. तरी फेरी फेकली, आणि ते योग्य झाले असे आमचे मत आहे. कारण तोच अहवाल पाच संवेदनशील कॉलन्यांबद्दलही बोलणार होता, आणि त्यातल्या काही इसीव्हीच्या बाहेर पडून उगाच ‘प्रतिकारक’च्या रांगेत गेल्या असत्या. मिश्र वस्ती आहे की सगळी बुरशीच बदलली आहे, हाच तर प्रश्न होता. शिवाय डॉक्टरांचा निर्णय अगारच्या निकालावर आधीच झाला होता. दोन दिवसांच्या उशिराने रुग्णाचे नुकसान होत नव्हते. ते होत असते तर कदाचित वेगळा विचार करावा लागला असता.

चूक कुठे झाली

फक्त इट्राकोनॅझोल चुकले, म्हणजे बीजाणू, माध्यम, तापमान हे सगळे निर्दोष. ते बिघडले असते तर सगळीच औषधे हलली असती. उरली औषधाची मालिका. ती कशी केली याची कामाच्या वहीतली नोंद पाहिल्यावर उत्तर मिळाले.

रीत अशी आहे. भुकटीची शुद्धता ९८ टक्के असेल तर १६०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचे १० मिली मूळ द्रावण करायला १६ नव्हे, १६.३३ मिलिग्रॅम घ्यायचे आणि डीएमएसओमध्ये विरघळवायचे. मग डीएमएसओमध्येच निम्मे-निम्मे करत दहा नळ्या: १६००, ८००, ४०० असे ३.१२५ पर्यंत. प्रत्येक नळीतले थोडे माध्यमात स्वतंत्रपणे १:५० पातळ करायचे. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर औषध आणि १०० मायक्रोलिटर बीजाणू मिळाले की १६ ते ०.०३ अशी साखळी तयार होते आणि डीएमएसओ सगळीकडे १ टक्काच राहतो.

त्या दिवशी टिप वाचवण्यासाठी १६०० चे द्रावण आधी माध्यमात १:५० केले गेले आणि पुढची निम्मे-निम्मे साखळी माध्यमातच, एकाच टिपने. व्होरिकोनॅझोलसारखे त्या मानाने पाण्यात विरघळणारे औषध एवढे सोसते. इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते बारीक कणांत बाहेर पडते, प्लॅस्टिकला चिकटते, आणि प्रत्येक पायरीवर थोडे मागे राहते. वेलवर ०.५ लिहिलेले असते, आत त्याहून कमी असते. बुरशीला थांबवायला मग कागदावरची जास्त मात्रा लागते आणि एमआयसी फुगतो. बीजाणू न घातलेली तशीच एक प्लेट उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा वरच्या दोन-तीन वेलमध्ये कण स्पष्ट दिसले. (नीट केलेल्या मालिकेतही १६ च्या वेलमध्ये किंचित धूसरपणा येतो, त्याला वाढ समजायची चूक नवखे हमखास करतात.)

दुसऱ्या फेरीत मालिका डीएमएसओमध्ये केली. नियंत्रण स्ट्रेन ०.२५. पाच कॉलन्या: इट्राकोनॅझोल ०.५, पोसाकोनॅझोल ०.१२, व्होरिकोनॅझोल ०.५. दोन कॉलन्या: इट्राकोनॅझोल १६ च्या वर, पोसाकोनॅझोल १, व्होरिकोनॅझोल ०.२५. अ‍ॅम्फोटेरिसिन सगळ्यांना १.

हा नमुना जाणकाराला लगेच काहीतरी सांगतो. टीआर३४ असता तर व्होरिकोनॅझोलही वर गेले असते. इट्राकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल दोन्ही जातात, व्होरिकोनॅझोल टिकते, उलट किंचित खाली येते: ही सिप५१ए जनुकातल्या ५४ व्या जागेवरच्या बदलाची ओळखीची खूण. अझोल बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतात ते घडवणारे हे जनुक. पहिली दोन औषधे लांब शेपटीची आहेत. एन्झाइमच्या ज्या वाटेने ती शेपटी आत जाते तिथेच हा बदल अडथळा करतो. आखूड व्होरिकोनॅझोलला त्याचे काही वाटत नाही.

एक खात्री आधी करून घेतली होती. फ्युमिगाटससारख्या दिसणाऱ्या काही भाऊबंद प्रजाती, उदाहरणार्थ अ‍ॅस्परजिलस लेंट्युलस, मुळातच अझोलना कमी दाद देतात. फ्युमिगाटस ५० अंशांवर वाढतो, लेंट्युलस वाढत नाही. दोन्ही कॉलन्या ५० अंशांवर वाढल्या. दोन स्लँट आणि एक जादा इन्क्युबेटर, इतक्या स्वस्तात मोठी शंका मिटते.

निष्पत्ती

लेखी अहवालात यावेळी ‘एस’-‘आर’ची रांग नव्हती. मजकूर असा होता: सात कॉलन्या तपासल्या, पाच इट्राकोनॅझोलच्या इसीव्हीच्या आत, दोन बाहेर, व्होरिकोनॅझोलला सातही संवेदनशील, इट्राकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल टाळावे असे सुचवतो, व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी पाहावी.

शेवटची ओळ कामी आली. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, नंतर २०० मिलिग्रॅम दोनदा अशी मात्रा असताना पाचव्या दिवसाची पातळी ०.८ आली, हवी १ ते ५.५ च्या मध्ये. हे औषध शरीरात मोडणे सीवायपी२सी१९ या यकृतातल्या एन्झाइमवर अवलंबून असते आणि माणसागणिक पातळी प्रचंड बदलते. मात्रा ३०० केल्यावर ती २.४ वर स्थिरावली. यकृताच्या चाचण्या महिन्याला. व्होरिकोनॅझोलने कातडी उन्हाला फार लवकर भाजते, म्हणून रुग्णाला दुपारी रानात जायचे नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावर टॉवेल, असे बजावले गेले. पेरणीच्या दिवसांत ते किती पाळले गेले हा वेगळा प्रश्न. दोनदा मानेवर लाल चट्टे घेऊन आले.

पाच आठवड्यांनी संदर्भ प्रयोगशाळेचे उत्तर आले. दोन्ही प्रतिकारक कॉलन्यांत ५४ व्या जागी ग्लायसिनऐवजी अर्जिनिन, जनुकाच्या आधीच्या भागात टीआर३४ची पुनरुक्ती नाही. मायक्रोसॅटेलाइट ठसे (डीएनएवरून बुरशीची ओळख) सातही कॉलन्यांचे एकच. म्हणजे बाहेरून दुसरी बुरशी येऊन बसली नव्हती. त्याच वस्तीतली काही घरे बदलली होती. कमी पातळीच्या चार महिन्यांनी हे घडवले असावे असे परिस्थिती सुचवते. सिद्ध होत नाही, कारण ५४ व्या जागेचा बदल असलेले फ्युमिगाटस भारतातल्या मातीतही सापडले आहेत.

तीन महिन्यांत रक्त थांबले, खोकला निम्म्यावर आला, वजन तीन किलोने वाढले. सहाव्या महिन्याच्या थुंकीत फ्युमिगाटसच्या दोन कॉलन्या पुन्हा आल्या. दोन्ही चाळणीत संवेदनशील. गोळा सीटीवर अजून आहे.

काय वेगळे करता आले असते

प्रत्येक नमुन्याच्या पाच कॉलन्यांची मायक्रोब्रॉथ करा, असे आम्ही म्हणणार नाही. एका माणसाच्या बळावर बुरशीचे टेबल चालवणाऱ्या प्रयोगशाळेत ते होणार नाही, आणि झाले तर घाईत होईल. चार कप्प्यांची चाळणी मात्र स्वस्त आहे, तिला घनतामापकही लागत नाही. अझोल सहा आठवड्यांहून अधिक घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पाच कॉलन्या चाळणीत आणि त्यातून वाढलेल्याच मायक्रोब्रॉथला, अशी रीत आता त्या प्रयोगशाळेने लावली आहे. प्लेटवर पाच नसतील तर असतील तेवढ्या. कॉलन्या एकमेकींत मिसळल्या असतील तर सगळा पृष्ठभाग घासून एकच निलंबन, आणि इट्राकोनॅझोलच्या कप्प्यात दोन-चार विरळ ठिपके दिसले तरी ते निगेटिव्ह मानायचे नाहीत.

हे करण्यासाठी रुग्णाने कोणते अझोल किती दिवस घेतले हे कळायला हवे. मागणीच्या फॉर्मवर तो रकाना नव्हताच. आता आहे; निम्म्या वेळा रिकामा येतो, तेव्हा वॉर्डला फोन लावावा लागतो.

चौथ्या महिन्यात पातळी कमी निघाली तेव्हा प्रयोगशाळेला ते कळवले गेले नाही. कळले असते तर ‘एस’चा अहवाल परत उघडता आला असता: अर्धवट मात्रेचे चार महिने म्हणजे प्रतिकारासाठी सर्वांत अनुकूल काळ, आणि प्लेट तेव्हा फ्रिजमध्ये होती. पातळी सुधारून आठ आठवडे थांबणे क्लिनिकली चुकीचे नव्हते. त्या आठ आठवड्यांत चाळणी समांतर चालू शकली असती, एवढेच.

टिप वाचवण्याचा मुद्दा वरवर क्षुल्लक. पण लेखी कार्यपद्धतीत ‘मालिका तयार करा’ इतकेच लिहिले होते, कशात ते लिहिले नव्हते. आता ‘डीएमएसओमध्ये, प्रत्येक नळीला नवी टिप’ हे ठळक आहे, आणि इट्राकोनॅझोलच्या नियंत्रणाचे आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर उतरवले जातात. आधीच्या चार फेऱ्यांत तो आकडा ०.५ वर टेकलेला होता, मर्यादेच्या वरच्या कडेला. कुणी ओळीने पाहिले नव्हते.

चौथ्या महिन्याच्या प्लेटवर प्रतिकारक कॉलनी होती का, हे आता तपासता येणार नाही. उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये त्या नमुन्याची एकच कुपी आहे, त्या एका भरलेल्या हिरव्या कॉलनीची, आणि ती आजही इट्राकोनॅझोलला ०.५ वर थांबते. बाकीच्या कॉलन्या प्लेटसह ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. हल्ली अशा रुग्णाच्या दोन कुप्या गोठवतात: एक निवडलेल्या कॉलनीची, दुसरी सगळी प्लेट खरवडून ग्लिसरॉलमध्ये घातलेली, आणि तिच्यावर ‘सरमिसळ’ असे लिहितात.